अक्षरांसाठी थांबलेला ग्रंथ

1977 सालच्या मार्च महिन्याची 30 तारीख. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या हाती प्रुफांचा गठ्ठा आला. त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची ही दुसरी आवृत्ती. मजकूर नेहमीसारखा बरोबर होता. पण पानं पाहून प्राध्यापकांचं मन विटलं. अक्षरं ओळखीची वाटेनात, त्यांच्यातल्या जागा कमीजास्त, गणिती सूत्रांतली बारीक अक्षरं भलत्याच घराण्यातली. आठ वर्षांपूर्वी पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर, मोनोटाइप यंत्रावर जुळवली गेली होती आणि ती देखणी होती. मधल्या काळात तो धंदाच आटला आणि फोटोवर चालणारी नवी यंत्रं आली. काम स्वस्त झालं आणि पान कुरूप झालं.

कोणताही लेखक अशा वेळी काय करतो? प्रकाशकाला एक रागाचं पत्र लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. या गृहस्थांनी पुढचं कामच बाजूला ठेवलं. आपल्या ग्रंथाचं पान आपल्याला हवं तसं छापून मिळावं, म्हणून अक्षरजुळणीची एक संपूर्ण नवी व्यवस्था स्वतः उभारायची, असं त्यांनी ठरवलं. थोडक्या महिन्यांत हे उरकेल असा त्यांचा अंदाज होता. त्यात जवळजवळ दहा वर्षं गेली.

हे प्राध्यापक म्हणजे डोनाल्ड कनूथ. संगणकाशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. मी मात्र बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाबद्दल मी का बोलावं? तर त्याचं कारण हेच, की या माणसाने एका अक्षरासाठी रात्री जागवल्या. अशी माणसं कवींच्या जातीची, असं मी समजतो.

कनूथ यांचा जन्म 10 जानेवारी 1938चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. वडील ल्यूथरपंथी शाळेत शिक्षक होते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि घरच्या घरी छोटंसं छपाईचं कामही करत. शिक्षक, ऑर्गन आणि छपाई या तीन गोष्टी मुलाच्या आयुष्यात कायमच्या राहिल्या. आठवीत असताना एका चॉकलेट कंपनीने स्पर्धा जाहीर केली : ‘झीग्लर्स जायंट बार’ या नावातली अक्षरं वापरून जास्तीत जास्त शब्द बनवा. या मुलाने पोटात दुखतंय असं सांगून शाळेला दांडी मारली आणि दोन आठवडे घरात बसून जाडजूड शब्दकोश पालथा घातला. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत अडीच हजार शब्द होते. याने साडेचार हजार काढले. बक्षीस म्हणून शाळेला दूरचित्रवाणी संच मिळाला आणि वर्गातल्या सगळ्यांना चॉकलेट. पोटदुखीचं कुणी मनावर घेतलं नसावं.

1956 साली ते क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये गेले ते पदार्थविज्ञान शिकायला. तिथे आयबीएम 650 नावाचं यंत्र होतं. आजच्या मानाने ते अगदीच गरीब, पण हा विद्यार्थी संध्याकाळच्या संध्याकाळ त्याच्यासमोर बसून राही. पुढे त्यांनी आपला महाग्रंथ कुणा गुरूला किंवा आईवडिलांना नव्हे, तर त्या यंत्राला, तिथे घालवलेल्या आनंदाच्या संध्याकाळींच्या आठवणीत अर्पण केला. 1960 साली त्यांचं काम पाहून संस्थेने एक अपवाद केला. पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही त्यांना एकाच वेळी दिल्या. पुढे 1963 साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून डॉक्टरेट मिळाली ती गणितात. ‘संगणकशास्त्र’ असा विषय तेव्हा विद्यापीठांच्या दारात नुकता येऊन उभा होता. स्टॅनफर्डमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग निघाला तो 1965 साली. म्हणजे ज्या विषयाचे ते प्राध्यापक झाले, तो विषय त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि बऱ्याच अंशी त्यांच्या हातून, घडत होता.

तो कसा घडला? जानेवारी 1962 मध्ये, डॉक्टरेट व्हायच्या आधीच, अॅडिसन-वेस्ली या प्रकाशन संस्थेने चोवीस वर्षांच्या कनूथ यांच्याकडे एक पुस्तक मागितलं. विषय मर्यादित होता : माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलर. त्यांनी बारा प्रकरणांचा आराखडा केला आणि लिहायला बसले. 1965पर्यंत हाताने लिहिलेली तीन हजार पानं झाली. हाताच्या पाच पानांचं छापील एक पान होईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रकाशकाने सांगितलं की हाताच्या दीड पानाचं छापील एक होतं. म्हणजे दोन हजार पानांचं एक पुस्तक! मग ठरलं की सात खंड करावेत. ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या नावाने पहिला खंड 1968मध्ये आला, दुसरा 1969मध्ये, तिसरा 1973मध्ये. विखुरलेल्या युक्त्या, निबंध आणि तोंडी चालत आलेलं ज्ञान त्यांनी गोळा केलं, प्रत्येक पद्धतीला किती वेळ लागतो याचं गणित मांडलं, आणि त्या सगळ्याला शास्त्र म्हणता येईल असं रूप दिलं. 1974 साली त्यांना या क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तेव्हा वय होतं छत्तीस. पुरस्काराच्या भाषणात त्यांनी आग्रहाने सांगितलं, की आज्ञावली लिहिणं ही एक कला आहे आणि ती सुंदर असू शकते.

सौंदर्याचा हा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या हाती तीन वर्षांनी ती प्रुफं पडली.

माझा पहिला कवितासंग्रह आमच्या गावच्या एका प्रेसमध्ये खिळ्यांवर जुळला होता. खिळाजुळारी वयस्कर होते. जोडाक्षराचा अर्धा ‘श’ खोक्यात सापडेना, की ते मला म्हणत, दुसरा शब्द बसतो का बघा. वैताग यायचा, पण त्यांची चूक नव्हती. शिशाचा खिळा असतो तरी किंवा नसतो तरी. आणि माझे एक मामू उर्दू साप्ताहिकाचे कातिब होते. नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नाही. एकेक शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत जातो. म्हणून सगळा अंक बोरूने हाताने लिहायचा आणि मग त्याचा छाप काढायचा. मामू एका ‘नून’ची वाटी मनासारखी आली नाही तर अख्खी ओळ पुन्हा लिहीत. अक्षर म्हणजे हाताची गती, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

कनूथ यांना हेच हवं होतं, पण अंकांच्या भाषेत. अक्षराचं चित्र साठवून ठेवायचं नाही; लेखणी कुठून निघाली, कुठे वळली, किती जाड होती, हे समीकरणांनी सांगायचं. त्यासाठी त्यांनी ‘मेटाफॉन्ट’ नावाची भाषा तयार केली, आणि पानाची जुळणी करणारी ‘टेक्’ नावाची दुसरी. हे नाव ग्रीक अक्षरांतून घेतलेलं आहे, आणि ज्या शब्दापासून ते आलं त्याचा अर्थ कला असाही होतो आणि कारागिरी असाही.

बहुतेक रोमन अक्षरं भराभर बसली. अडला तो ‘एस’. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही, तेव्हा ऐकणाऱ्यांनी बोटाने हवेत एक ‘एस’ काढून पाहावा. वरून डावीकडे वळायचं, मध्ये तिरपं उतरायचं, मग उजवीकडून खाली. बोट सहज फिरतं. पण मधला तो कणा कुठे सर्वांत जाड हवा, एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना कुठे सरळ व्हायला हवा, हे गणिताला विचारलं की उत्तर सापडेना. कनूथ दिवसरात्र त्याच्यामागे होते. पत्नी जिल यांनी त्यांचे प्रयत्न पाहून विचारलं, की तुम्ही तो ‘एस’च्या आकाराचाच का करत नाही? शेवटी भूमिती सुटली, आणि 1980 साली त्यांनी त्या एकट्या अक्षरावर गणिताच्या नियतकालिकात एक लेख लिहिला.

दुसरी गोष्ट ओळींची. छापखान्यात ओळ भरत आणायची, मावेना झालं की शब्द तोडायचा किंवा मोकळी जागा ताणायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचं, अशी रीत होती. वरची ओळ एकदा गेली की गेली. कनूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी वेगळा विचार केला. परिच्छेदातली शेवटची ओळ विचारात घेतल्याशिवाय पहिली ओळ कुठे तोडायची हे ठरवायचंच नाही. प्रत्येक बेढब जागेला दंड लावायचा आणि सगळ्या परिच्छेदाचा एकूण दंड कमीत कमी होईल अशा जागी ओळी मोडायच्या. गझल लिहिणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दुसऱ्या ओळीतला काफिया जमेना म्हणून आपण पहिली ओळ बदलतोच की. यंत्राला हे शिकवणं मात्र सोपं नव्हतं.

1981च्या सुमारास दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती या व्यवस्थेवर छापून आली. ज्या पुस्तकासाठी हा सगळा खटाटोप, ते हाती आलं आणि कनूथ पुन्हा नाराज झाले. अक्षरं अजून मनासारखी नव्हती. त्यांनी सगळी वर्णमाला नव्याने घडवायला घेतली. हर्मन झाप्फ यांच्यासारखे अक्षरकलेतले मोठे कारागीर स्टॅनफर्डला येऊन गेले, आणि जगप्रसिद्ध प्राध्यापक त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसले. 1986मध्ये या सगळ्या कामाचे पाच खंड निघाले. त्यांच्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ या अक्षरघराण्यात साठाहून अधिक मापं आहेत. ती बदलली की सगळी वर्णमाला एकदम जाड, बारीक, तिरपी होते. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र त्यांनी अशा रीतीने छापून दाखवलं होतं, की सुरुवातीचं जुन्या वळणाचं अक्षर शेवटापर्यंत हळूहळू आधुनिक होत जातं.

यावर डग्लस हॉफस्टॅटर या विचारवंताने 1982 साली हरकत घेतली. ‘ए’ या अक्षराचं सारं सत्त्व ठरावीक मापांत कधीच सामावणार नाही, असं त्याचं म्हणणं. मला ही हरकत पटते. मामूंचा ‘नून’ साठ आकड्यांत मावला नसता. पण साठ आकड्यांत किती मावतं हे कुणीतरी करून पाहिल्याशिवाय उरलेलं किती, हेही कळत नाही. आणि कनूथ यांना तरी अक्षराचा आत्मा पकडायचा होता असं मला वाटत नाही. त्यांना आपलं पुस्तक नीट छापून हवं होतं.

इथे आणखी एक निर्णय त्यांनी घेतला. या व्यवस्थेवर त्यांनी पैसा घेतला नाही. तिची सगळी आज्ञावली छापून उघडी केली. कुणीही वाचावी, वापरावी. जगभरच्या गणितज्ञांनी ती उचलली. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी मेटाफॉन्ट वापरून देवनागरी अक्षरं घडवली. आपली शिरोरेषा, आपला रफार, आपली जोडाक्षरं, एका डच माणसाच्या हातून. 1987मध्ये स्वतः कनूथ यांनी पिएर मॅके यांच्याबरोबर उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मजकुरात कसा मिसळावा यावर लेख लिहिला, आणि पुढे जर्मनीतल्या क्लाउस लागाली यांनी अरबी लिपीसाठी ‘अरबटेक्’ केलं. उघडं ठेवलेलं दार असं कुणाकुणाला उपयोगी पडतं. भारतातही 1998 साली तिरुवनंतपुरमला टेक् वापरणाऱ्यांचा संघ उभा राहिला आणि 2002मध्ये तिथे त्यांची जागतिक परिषद भरली.

कनूथ यांच्या पहिल्या खंडाची सुरुवातच मुळी एका नावाच्या चर्चेने होते. संगणकशास्त्राचा कणा असलेला ‘अल्गोरिदम’ हा शब्द कुठून आला? तो आला नवव्या शतकात बगदादला राहणाऱ्या अबू अब्दुल्ला मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून. अल-ख्वारिझ्मी म्हणजे ख्वारिझमचा माणूस. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ख्वारिझमकर’. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आपण सगळे गाव आडनावात घेऊन हिंडतो, तसंच हे. या ख्वारिझमकरांनी हिंदी अंकांवर, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीवर, एक पुस्तक लिहिलं. त्याच्या लॅटिन भाषांतरातून ते अंक युरोपला कळले आणि नावाचा अपभ्रंश होऊन हिशेबाच्या रीतीलाच ते नाव चिकटलं. कोशात अशी माहिती वाचून माणूस पुढे जातो. कनूथ पुढे गेले नाहीत. सप्टेंबर 1979मध्ये ते आणि रशियन शास्त्रज्ञ आंद्रेई येर्शोव यांनी मिळून तेव्हाच्या सोव्हिएत उझबेकिस्तानात, खुद्द ख्वारिझम प्रांतातल्या उर्गेंच गावी, अल्गोरिदमवर परिषद भरवली. शीतयुद्धाचे दिवस होते. दोन्ही गटांतली माणसं अकराशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या मुलखात त्याचं ऋण मान्य करायला जमली.

तिसरा खंड 1973चा, आणि चौथ्याचा पहिला भाग, 4-अ, आला तो 2011 साली. मध्ये अडतीस वर्षं. त्यातली दहाएक अक्षरांनी खाल्ली, बाकीची विषयाच्या वाढीने. ते लिहीत होते तोवर विषय फुगतच गेला. 1990च्या पहिल्या तारखेपासून त्यांनी ईमेल बंद केली. ज्यांना सगळ्या गोष्टींच्या वर राहायचं आहे त्यांना ती ठीक, मला गोष्टींच्या तळाशी जायचं आहे, असं त्यांचं म्हणणं. 1993 साली, पंचावन्नाव्या वर्षी, नोकरीतून निवृत्त झाले ते केवळ ग्रंथ पुरा करण्यासाठी. तरीही मधल्या काळात त्यांनी बायबलच्या प्रत्येक पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाचं सोळावं वचन घेऊन त्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यातलं एकेक वचन जगभरच्या सुलेखनकारांकडून लिहवून घेतलं. त्यांनी रचलेला ऑर्गनसाठीचा एक दीर्घ संगीतबंध त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी स्वीडनमध्ये वाजवला गेला. टीकाकार म्हणतात, हे सगळं केलं नसतं तर सात खंड झाले असते. असते, कदाचित. पण मग ते कुरूप पानांवर छापले गेले असते, आणि त्या माणसाला ते सहन झालं नसतं.

चौथ्या खंडात आपल्याकडचं बरंच काही भेटतं. एखाद्या गोष्टीचे सगळे शक्य प्रकार एकही न चुकवता कसे मांडावेत, हा त्याचा विषय. त्याच्या इतिहासात कनूथ थेट पिंगळाच्या छंदशास्त्रापर्यंत जातात. शाळेत वृत्तं शिकताना पाठ केलेलं ‘यमाताराजभानसलगा’ आठवतं? दहा अक्षरं, पण कुठलीही सलग तीन घ्या, एक गण मिळतो, आणि आठही गण एकदाच येतात. आमच्या गुरुजींनी ते घोकून घेतलं. कनूथ यांनी त्यात संगणकाला लागणारी चक्राकार रचना पाहिली. तसंच मात्रांचं. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. दोन मात्रांच्या रचना दोन, तीन मात्रांच्या तीन, चार मात्रांच्या पाच, पाच मात्रांच्या आठ. ही संख्यांची माळ युरोपात फिबोनाची याच्या नावाने ओळखली जाते; त्याचं पुस्तक 1202चं. त्याच्या आधी हेमचंद्रादी पंडितांना ती ठाऊक होती, हे कनूथ यांनी पहिल्याच खंडात नोंदवलं आहे. मात्रा बोटांवर मोजत बसणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून एकदम आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

याच वाटेवर आपलं देवगिरीही लागतं. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वरांची उलटसुलट मांडणी किती प्रकारे होते, म्हणजे 5040, एवढंच सांगून तो थांबत नाही. अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, आणि अमुक मांडणीचा क्रमांक कोणता, हे दोन्ही काढायची रीत तो देतो. पहिलीला ‘नष्ट’ म्हणतात, दुसरीला ‘उद्दिष्ट’. 1356 साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त एका मांडणीवरून पुढची मांडणी काढायची जी रीत दिली, ती आजही संगणकाच्या वर्गात शिकवतात. दौलताबादचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांना मार्गदर्शक तोफा दाखवतो, अंधारी दाखवतो. शार्ङ्गदेवाचं नाव मी तिथे तरी ऐकलेलं नाही.

चुकांच्या बाबतीत कनूथ यांची रीत प्रसिद्ध आहे. ग्रंथात जो कुणी पहिल्यांदा चूक दाखवील त्याला दोन डॉलर छप्पन्न सेंटचा धनादेश. 256 सेंटच का? सोळाच्या पाढ्यात मोजणाऱ्या संगणकवाल्यांचा तो एक ‘शेकडा’. बहुतेकांनी ते धनादेश वटवलेच नाहीत, चौकटीत लावून भिंतीवर टांगले. पुढे खात्यांच्या क्रमांकांचा गैरवापर होऊ लागला, तेव्हा 2008पासून त्यांनी ‘सान सेरिफ’ बेटाच्या बँकेचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. हे बेट जगात नाही. ‘गार्डियन’ या इंग्रजी दैनिकाने 1 एप्रिल 1977 रोजी, म्हणजे ती प्रुफं आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, वाचकांना फसवण्यासाठी ते रचलं होतं, आणि त्यातली सगळी नावं छपाईतल्या शब्दांवरून घेतलेली होती.

टेक्मध्ये ते आता नवी सोय घालत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात ‘पाय’ या संख्येचा एक अंक वाढतो. 2021च्या दुरुस्तीनंतर तो 3.141592653 झाला. आपल्या पश्चात आकडा थेट ‘पाय’ करावा आणि मग कुणी हात लावू नये, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर सापडणारी चूक ही चूक नव्हे, त्या व्यवस्थेचा गुणविशेष समजायचा. ग्रंथाचं काम मात्र त्यांनी पूर्वीसारखंच, आधी कागदावर पेन्सिलीने लिहून, चालू ठेवलं. सातशेहून अधिक पानांचा 4-ब हा भाग 2022 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.